स्टँडअप: फोनवर बघून झालेलं नाट्यगृहात पुन्हा का बघायचं?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

मराठी स्टँडअप आता नाट्यगृहात होतंय, तिकिटं खपतायत, शनिवार-रविवारच्या रात्रीच्या वेळा मिळतायत. हे सगळं छानच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. हल्ली पाहिलेल्या एका प्रयोगात (नाव लिहीत नाही, माणूस गुणी आहे) निम्मं मटेरियल मी आधीच यूट्यूबवर ऐकलेलं होतं. आणि मी एकटाच नाही. मागच्या रांगेतली पोरं पंच (जोकचं हसवणारं शेवटचं वाक्य) यायच्या आधीच तो आपापसात म्हणून मोकळी होत होती. स्टेजवरचा माणूस दम घेऊन वाक्य टाकेपर्यंत हशा येऊन गेलेला!

आता गंमत बघा. आमच्या घरात पुलंच्या कॅसेटी झिजेपर्यंत वाजल्या. पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ, तरी हसायचे. किंबहुना पाठ म्हणूनच हसायचे. 'बटाट्याची चाळ' १९६१ साली रंगमंचावर आली तेव्हा पुस्तक येऊन तीन वर्षं झाली होती. म्हणजे लोक वाचून आले होते आणि तरीही खुर्चीवरून पडत होते. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे बावन्न पात्रं करायचे. ते बघायला लोक पाहुण्यांना घेऊन परत परत जात.

मग स्टँडअपलाच दुसऱ्यांदा हसू का येत नाही? दोष कलाकाराचा, यूट्यूबचा, की आपला? तुम्ही लाइव्ह बघता की फोनवर, आणि का, तेही लिहा.

चहाटळ

मी नोकरी सांभाळून ओपन माइक (नवख्यांना मटेरियल घासून बघायला खुला मंच) करतो, त्यामुळे आतलं थोडं सांगतो.

तासाभराचं चांगलं मटेरियल उभं राहायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. आधी ओपन माइकला चार-पाच मिनिटांचा स्पॉट. समोर ऐकायला कोण? बहुतेक वेळा आपला नंबर कधी लागतो याची वाट बघणारे बाकीचे कॉमिक. ते हसत नाहीत, मनातल्या मनात स्वतःचा सेट घोकत बसलेले असतात. तिथे दहा जोक टाकले तर एखादा जगतो. त्याला घासूनपुसून लाइनअप शोमध्ये (अनेक कॉमिकचा मिळून असतो तो) न्यायचं, मग ट्रायल शो, मग सोलो. एवढं करून ते व्हिडिओ म्हणून टाकलं की मटेरियल बर्न झालं. पुन्हा शून्यापासून.

पण नाही टाकलं तर तिकीट कोण काढणार? तुम्ही त्या कलाकाराचं नाव ऐकलंत ते फुकटच्या व्हिडिओमुळेच ना? म्हणून हल्ली सगळ्यांची रील्स क्राउडवर्कची, म्हणजे प्रेक्षकांशी बोलत ऐनवेळी केलेल्या विनोदाची, असतात. ते त्या रात्रीपुरतंच असतं, दुसऱ्या शोला वापरता येत नाही, त्यामुळे टाकून टाकलं तरी काही जात नाही. याचा दुष्परिणाम मात्र झालाय. स्टँडअप म्हणजे पहिल्या रांगेतल्या माणसाची खेचणं, असं आता लोकांना वाटतं. आणि काही लोक खेचून घ्यायलाच पहिल्या रांगेत बसतात, तो आणखी वेगळा ताप.

पार्लेकरीण

चहाटळ, क्राउडवर्कचं काढलंत म्हणून लिहिते. 'कुठून आलात? काय करता? लग्न झालंय का? मग हे कोण?' या चार प्रश्नांपलीकडे नव्वद टक्के क्राउडवर्क जात नाही. आयटीवाला सापडला की आयटीचा जोक, सीए सापडला की सीएचा. बाई एकटी आलेली दिसली तर विचारूच नका. मी मैत्रिणीबरोबर गेले होते तर आमच्या दोघींच्या नात्यावर पाच मिनिटं. प्रेक्षागृह हसत होतं, मीही हसले. काय करणार, चारशे माणसांसमोर तोंड पाडून बसायचं?

तरीही मी लाइव्हच बघते. घरी सोफ्यावर तेच मटेरियल लावलं तर नाकातून हवा सोडण्यापलीकडे काही होत नाही. शेजारी अनोळखी काकू पोट धरून हसतायत, त्यांच्याकडे बघून आपण हसतोय, हे फोनवर कुठून आणणार?

सांख्यिकी_सदू

पार्लेकरीण यांच्या अनुभवाला शास्त्राचा पाठिंबा आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हसण्यावर आयुष्यभर काम केलं. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या साधारण तीसपट इतरांच्या संगतीत हसतो, असं त्याला आढळलं. आणि त्यातलं बहुतेक हसणं विनोदावर नसतंच, साध्यासुध्या वाक्यांवर असतं.

यावरून एक जाणवतं. कॉमेडी क्लब मुद्दाम कोंदट का असतात? छत बुटकं, खुर्च्या गुडघ्याला गुडघा लावून, प्रेक्षकांवर अंधार. हशा वर निसटून जात नाही आणि आपण हसतोय हे कोणी बघत नाही. आपली नाट्यगृहं बांधली ती नाटकाचा आवाज बाल्कनीपर्यंत जावा म्हणून. तिथे दोनशे माणसं विखरून बसली की उत्तम जोकसुद्धा पडतो. होस्ट सुरुवातीला 'सगळे पुढे येऊन बसा' म्हणून विनवतो त्याचं कारण हेच. आणि आपण 'आमचा नंबर जी-१४ आहे' म्हणून हलत नाही.

खडूस कोथरूड

लाइव्ह की फोन हा प्रश्नच गौण आहे. दर्जा बोला. दर वाक्याला आईबहीण काढल्याशिवाय यांना पूर्णविराम देता येत नाही. वाक्य सुरू मराठीत, मधे हिंदी, पंच इंग्रजीत. याला मराठी स्टँडअप का म्हणायचं? पुलंनी एकही शिवी न देता महाराष्ट्र हसवला. त्यांचं नाव या पोरांच्या पंगतीत घेतल्याबद्दल धागाकर्त्यांचा निषेध.

बतावणी

खडूसकाका, दादा कोंडके विसरलात? 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये ते सकाळच्या पेपरातलं रात्री स्टेजवर आणायचे. संहिता वसंत सबनीसांची, पण दादा प्रत्येक प्रयोगाला नवं काहीतरी घालायचे आणि लोक तेवढ्यासाठी पुन्हा यायचे. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. त्याच्याही मागे जा. तमाशातली बतावणी काय होती? सरदार आणि सोंगाड्या उभे राहून गावच्या पाटलापासून सावकारापर्यंत सगळ्यांची सालं काढायचे, तीही समोर बसलेल्यांची नावं घेऊन. क्राउडवर्क खारच्या हॉटेलात जन्मलं असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी आजोबांना विचारावं.

शिवीचं म्हणाल तर वाईट शिवी ही वाईट जोकची कुबडी असते, इथपर्यंत मान्य. पण चांगल्या जागी आलेली शिवी काढून दाखवा, अख्खा किस्सा लंगडतो.

खडूस कोथरूड

द्वयर्थी बोलणं आणि शिवी यात फरक आहे. दादांना शब्दांशी खेळता यायचं. यांना येत नाही. बाकी चालू द्या.

वऱ्हाडी ठेचा

राजेहो, माझी तक्रार तिसरीच आहे. सगळं मटेरियल पुणे-मुंबईचं काऊन? लोकल ट्रेन, पीजी, पुणेरी पाट्या, सदाशिव पेठ, ब्रोकर. नागपुरात बसून आम्ही लोकलच्या चौथ्या सीटवर किती हसावं? आणि वऱ्हाडी माणूस त्या किश्श्यात आला तर फक्त बोलीवर हसायला. 'करून राह्यलो' म्हटलं की टाळ्या! त्यात जोक कुठी हाय बाप्पा?

'ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' २००५ साली आलं तेव्हा पहिला विजेता आमच्या हिंगणघाटचा सुनील पाल होता. आता त्याचं काम जुनाट वाटतं, मला पण वाटतं. पण एवढ्याशा गावातला माणूस तिथवर गेला होता. आजच्या स्टँडअपमध्ये तालुक्याचा पोरगा दिसतो का? दिसला तर नावं सांगा, मी आजच सबस्क्राइब करतो.

चहाटळ

ठेचाभाऊ, कारण साधं आहे. ओपन माइक कुठे होतात? मुंबईत आणि पुण्यात आठवड्यात कुठे ना कुठे रोज माइक सापडतो. यवतमाळच्या पोराला महिन्यात एक मिळाला तरी नशीब. या धंद्यात स्टेजवर काढलेल्या मिनिटांना पर्याय नाही. घरात आरशासमोर स्टँडअप येत नाही, हसणारी माणसं समोर लागतातच.

करवीरकर

आमच्याकडं तर नाट्यगृहच जळालं. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा अख्खं कोल्हापूर रडलं. मधल्या काळात दौऱ्यावरचे शो हॉलमध्ये, कॅफेत, मिळंल तिथं. एका कॅफेतल्या शोला पंच आला की नेमका मिक्सर सुरू व्हायचा. त्या पोरानं मिक्सरलाच सेटमध्ये घेतलं, शेवटी टाळी मिक्सरला पडली. हे यूट्यूबवर दिसणार नाही भावा.

फोनवर स्टँडअप बघणं म्हंजे लग्नाला न जाता लग्नाचा व्हिडिओ बघणं. सगळं दिसतंय, पंगत तेवढी नाही.

थेम्सकाठचा

इकडचा अनुभव. लंडनचं कॉमेडी स्टोअर १९७९ पासून चालू आहे. तिथे नवख्यांची एक गाँगची रात्र असते. प्रेक्षकांतल्या काही जणांच्या हातात कार्ड, ती वर गेली की घंटा वाजते आणि कॉमिक खाली. क्रूर आहे, पण शिकणारे शिकतात. याच मंडळींनी २०१० साली मुंबईत लोअर परळला क्लब काढला होता. आजचे बरेच हिंदी-इंग्रजी कॉमिक तिथे घासले गेले. नंतर तोच कॅनव्हास लाफ क्लब झाला.

आणखी एक. एडिनबर्गच्या फ्रिंज महोत्सवात ऑगस्टभर रोज तोच तासाचा शो करायचा असतो. आपली कॉमिक उरूज अशफाक हिला २०२३ मध्ये तिथे नवोदितांचा मोठा पुरस्कार मिळाला. मुंबईची मुलगी, परका प्रेक्षक, तिथे कोणी तिची रील पाहिलेली नाहीत. अशा वेळी फक्त लिखाण कामाला येतं.

इकडच्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमाचं मात्र विचारू नका. गणपतीत आलेल्या कॉमिकला आधीच सांगतात, 'मुलं आहेत, ज्येष्ठ आहेत, राजकारण नको, शिव्या नकोत, जातीचं नको, ब्रेक्झिट नको.' उरतं काय? सासूबाई आणि पहिल्यांदा डिशवॉशर लावला तेव्हाची फजिती. त्यावर लोक खरंच खूप हसतात, हेही कबूल करायला हवं.

न्यायाचं बोला

राजकारणाचा विषय कोणीच नीट काढला नाही म्हणून लिहितो.

मार्च २०२५ मध्ये कॉमिक कुणाल कामराचा एकनाथ शिंदे यांची खिल्ली उडवणारा व्हिडिओ आला आणि त्याच रात्री, जिथे तो चित्रित झाला त्या खारच्या हॅबिटॅट या कॉमेडीच्या जागेत शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी तोडफोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक हातोडे घेऊन हजर. जागेने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी महिनाभर समय रैनाच्या 'इंडियाज गॉट लेटंट' या यूट्यूब शोचा गदारोळ झाला होता, तेही तिथेच चित्रित व्हायचं. त्याने सगळे भाग काढून टाकले. त्याच वाऱ्यात भाडिपा या मराठी यूट्यूब चॅनलने 'अतिशय निर्लज्ज कांदेपोहे'चा भाग पुढे ढकलला. त्याआधी २०२१ मध्ये कॉमिक मुनव्वर फारुकी एका शोवरून इंदूरला महिनाभर तुरुंगात होता, सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा सुटला.

कामराला कोर्टाकडून दिलासा मिळाला. त्याचं नाव मोठं आहे, त्याचे वकील आहेत. फुटल्या त्या जागेच्या खुर्च्या. पुढच्या वेळी कुठलाही कॅफेवाला माइक लावायच्या आधी दहादा विचार करतो, आणि स्पॉट जातो तो चहाटळसारख्यांचा.

अजून एक विसंगती. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. अमोल पालेकर याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले होते. ज्याचा मजकूर रोज रात्री बदलतो त्या स्टँडअपची कुठली संहिता मंजूर करणार? म्हणून ते काम आता परस्पर जमाव करतो.

तिसरी घंटा

धागा पक्षीय राजकारणाकडे जाऊ नये ही विनंती. मुद्दा रास्त आहे, पण पुढे दोनशे प्रतिसाद कोण गद्दार यावर पडतील.

न्यायाचं बोला

मी पक्षावर बोललोच नाही. धाग्याच्या प्रश्नाचंच उत्तर देतोय. हे सगळं झाल्यापासून व्हिडिओत जे येतं ते चाळून येतं. आवाज बंद केलेले शब्द, कापलेले किस्से. म्हणून बरेच जण शोच्या आधी फोन पाऊचमध्ये बंद करायला लावतात किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. तिथे बोललेलं तिथेच राहतं. लाइव्ह बघायला मला एवढं कारण पुरतं.

रील_राधा

मी तिशीच्या आतली आहे आणि निर्लज्जपणे सांगते, मी फोनवर बघते. पाचशेच्या वर तिकीट गेलं की १८ टक्के जीएसटी, म्हणून सगळीकडे ४९९. वर ॲपचं शुल्क, रिक्षा, मध्यरात्री परतीची काळजी. दोघींचे दीड हजार कुठे गेले कळत नाही. तेवढ्यात एका ओटीटीचं वर्ष निघतं. २०१७ मध्ये ॲमेझॉन प्राइमने भारतीय कॉमिकचे स्पेशल (चित्रित केलेले सोलो शो) एकदम आणले तेव्हा मी कॉलेजात होते. झाकिर खानचा 'हक से सिंगल' आम्ही हॉस्टेलवर एका लॅपटॉपभोवती दहा जणींनी बघितला. तो लाइव्ह नव्हता? दहा जणी खिदळत होतो की.

एक तक्रार मात्र आहे. सबटायटल. उभ्या रीलमध्ये मोठ्या पिवळ्या अक्षरांत वाक्य आधी झळकतं आणि माणूस नंतर बोलतो. पंच डोळ्यांनी वाचून झालेला असतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती अक्षरं हवीतच, पण शब्दागणिक येऊ द्या ना!

संकलक

राधा, तो आमच्याच लोकांचा आळशीपणा आहे. शब्दागणिक लावायला वेळ लागतो आणि पैसे तेवढेच मिळतात.

व्हिडिओबद्दल अजून एक सांगतो. तुम्ही जो 'स्पेशल' बघता तो बहुतेकदा एका रात्रीचा नसतो. एकाच जागी, त्याच कपड्यांत लागोपाठ दोन प्रयोग चित्रित करतात आणि दोन्हीतलं चांगलं जोडतात. पहिल्यात जीभ अडखळली ते दुसऱ्यातून घेतलं. हसणाऱ्यांचे चेहरे कुठल्याही मिनिटाचे कुठेही लागतात. एकाच काकांना तुम्ही तीन वेगळ्या जोकवर तेच हसताना पाहिलं असेल. यात फसवणूक नाही, सिनेमासुद्धा असाच होतो. पण चाळीस मिनिटांत एकही जोक पडत नाही, असं माणसाच्या बाबतीत होत नसतं. लाइव्हला तो पडतो, आणि पडल्यावर कॉमिक काय करतो यावर मी त्याची लायकी ठरवतो.

बतावणी

संकलकांना +१. पडलेला जोक सावरण्यात मराठी मंडळींपैकी मला मंदार भिडे आवडतो. वैयक्तिक मत, वाद घालायचा असेल तर विपू (विचारपूस) करा.

पार्लेकरीण

मला सावनी वझे. बायकांचे विषय म्हणून वेगळ्या कप्प्यात न टाकता ती सरळ किस्सा सांगते. लाइनअपमध्ये सहा कॉमिक असले तर बाई एकच असते आणि होस्ट तिची ओळख 'आता आपल्या सुंदर...' अशी करून देतो. हे बंद होईल तो सुदिन.

तालमीतला

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण धागाकर्त्यांची मांडणी मला पटलेली नाही. पुलं पुन्हा ऐकता येतात आणि स्टँडअप येत नाही, असा भेद प्रकारात नाहीच.

झाकिरच्या शोला बसून बघा. त्याचे जुने किस्से सुरू झाले की प्रेक्षक त्याच्याबरोबर म्हणतात, आणि तो थांबून म्हणू देतो. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने हिंदीत शो केला, तिथे आलेल्या लोकांनी काय त्याला आधी ऐकलं नव्हतं? व्हिडिओ पाठ करूनच आले होते. त्यांना तो माणूस भेटायला हवा होता. चाळीतली माणसं जशी आपल्याला पुन्हा भेटावीशी वाटतात तसंच. किश्श्यात माणसं असतील तर धक्का ओसरला तरी माणसं उरतात.

याउलट ज्याचा पूर्ण भार शेवटच्या शब्दाच्या उलटापालटीवर आहे, तो जोक एकदाच चालतो. त्यात कमी काही नाही. अभिषेक उपमन्यूचे जोक घ्या, घड्याळाच्या काट्यासारखे बसवलेले असतात आणि पहिल्यांदा ऐकताना माणूस गारद होतो. पण ते पहिल्यांदाच ऐकायचे. तेव्हा अशा पंचवाल्या कॉमिकच्या लाइव्हला जायचं असेल तर त्याचे व्हिडिओ महिनाभर बघू नका, आणि किश्शेवाल्याच्या बाबतीत सगळे बघून जा. कोण कुठल्या प्रकारचा हे दोन क्लिपमध्ये कळतं.

मराठीत अडचण अशी की बहुतेक जण अजून पंचवाल्या प्रकारचंच लिहितात. निरीक्षण चांगलं, पंच चांगला, पण दोन तासांनी एकाही पात्राचं नाव आठवत नाही. ज्या भाषेत एकपात्रीची एवढी मोठी वहिवाट आहे तिथे हे व्हावं याचं मला राहून राहून नवल वाटतं. एकपात्रीवाले स्टँडअपला थिल्लर समजतात, स्टँडअपवाले एकपात्रीला गॅदरिंग. दोघं एकमेकांचे प्रयोग बघत नाहीत.

चहाटळ

तालमीतला, हे लागलं. खरं आहे. पण पाच मिनिटांच्या स्पॉटमध्ये पात्र उभं करायला गेलो तर पहिली दोन मिनिटं कोणी हसत नाही आणि आयोजक पुढच्या वेळी बोलवत नाही. दर पंधरा सेकंदांना हशा, हे आमच्या डोक्यात कोरलेलं आहे. लांब किस्सा सांगण्याची मुभा नाव झाल्यावर मिळते, तोवर सवय गेलेली असते.

खडूस कोथरूड

तालमीतला यांचा प्रतिसाद या धाग्यावरचा एकमेव वाचनीय प्रतिसाद. बाकी शिव्यांबद्दलचं माझं मत कायम.

वऱ्हाडी ठेचा

नावं कोणीच सांगितली नाहीत. तालुक्याचा पोरगा अजून बेपत्ता आहे.

नवी_सभासद

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. आईबाबांना (दोघंही सत्तरीचे, 'हास्यजत्रा'चे भक्त) पहिल्यांदा स्टँडअपला न्यायचंय. सीट कुठली घेऊ? आणि शिव्यांचं आधी कसं कळतं?

संकलक

तिकिटाच्या पानावर वयोमर्यादा असते. १६ किंवा १८ लिहिलं असेल तर समजून घ्या. लाइनअप शोला नेऊ नका, सहापैकी कोण काय बोलेल याचा नेम नाही. एकाच कलाकाराचा सोलो घ्या आणि त्याची एखादी क्लिप घरी आधी लावून बघा, ते कुठे अवघडतात ते कळेल. सीट पाचव्या-सहाव्या रांगेत मधोमध. पहिल्या दोन रांगा नको, वडील काय करायचे ते स्टेजवरून विचारतील. बाल्कनीही नको. आणि मध्यंतर नसतं, तेव्हा वडा आधीच खाऊन घ्या.

पार्लेकरीण

आणि आईला शेजारच्या अनोळखी काकूंजवळ बसवा, बाबांना दुसरीकडे. एकमेकांकडे बघून हसू दाबत बसतात नाहीतर.